आपण जिंकलो!

क्रिकेटचा मोठा सामना किती दिवस चालतो, असे कुणी विचारले तर पुस्तकी उत्तर पाच दिवस असे आहे. आमच्या कन्हानमध्ये मात्र डिसेंबर २०१७ मधला एक सामना अजून चालूच आहे. हवेत थोडा गारवा आला, चहाच्या टपरीपुढे चार मफलरी जमल्या, की कुणीतरी म्हणतोच, "काय मॅच होती बाप्पा ते!" आणि मग कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवरचा रणजी करंडकाचा तो उपांत्य सामना, विदर्भ विरुद्ध कर्नाटक, पहिल्या चेंडूपासून पुन्हा खेळला जातो.

खरे म्हणजे पुलापलीकडची कामठी फुटबॉलवेडी, आणि त्या वेडाचे वारे नदी ओलांडून आमच्याकडेही येते. दीड तासात निकाल लावून मोकळी होणारी ही माणसे या पाच दिवसांच्या सामन्यापाशी एवढी का थबकतात, याचे मला कुतूहल होते. मराठी शिकवण्यात हयात चाललेली. त्यामुळे माझे लक्ष धावांपेक्षा सर्वनामांकडे अधिक. त्यांतच मला उत्तर सापडले.

गोष्ट नेहमी पराभवापासून सुरू होते. विदर्भाचा डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाने ३०१ केल्या. एकट्या करुण नायरने १५३. म्हणजे ११६ धावांची पिछाडी. समोरचा संघ आठ वेळा रणजी करंडक जिंकलेला, आणि विदर्भ १९५७ पासून खेळत असूनही अंतिम सामन्याचे तोंड न पाहिलेला! या ठिकाणी सांगणारा हटकून म्हणतो, "तेव्हा मी म्हटलं, गेले हे लोक! हे कधी सुधरत नाहीत." पाहा, 'हे लोक'! तृतीय पुरुष, अनेकवचन, आणि शिवाय हात झटकलेले. साठ वर्षे आम्ही विदर्भाच्या संघाविषयी असेच बोलत आलो. हरणाऱ्याशी सोयरीक कोण सांगणार?

मग दुसरा डाव येतो. विदर्भ ३१३. त्यांत सर्वांत मोठा वाटा गणेश सतीशच्या ८१ धावांचा. हा गडी मूळचा कर्नाटकाचाच, पुढे विदर्भाकडून खेळू लागलेला. कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य. चौथ्या दिवशी सूर्य मावळला तेव्हा त्यांचे सात गडी १११ धावांत तंबूत परतले होते. इथे टपरीवरचे सर्वनाम हळूच बदलते. "आता आमचे पोरं पेटले होते!" 'हे लोक' गेले आणि 'आमचे पोरं' आले.

पाचव्या दिवसाची सकाळ सांगताना मात्र चहा निवतो. हव्या होत्या ८७ धावा, हाती तीन गडी. कर्नाटकाच्या शेपटाने चिवटपणे एकेक धाव जोडली. अंतर कमी होत होत सहा धावांवर आले, आणि रजनीश गुरबानीने शेवटचा बळी घेतला. १९२ सर्वबाद. विदर्भ पाच धावांनी विजयी! इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या या चोवीस वर्षांच्या पोराने त्या सकाळचे तिन्ही बळी घेतले होते. दुसऱ्या डावात सात, सामन्यात बारा. आणि इथे एका सुरात शब्द येतो: "आपण जिंकलो!"

'आम्ही' आणि 'आपण' हा भेद मराठीचे मोठे धन आहे. इंग्रजीला तो नाही. 'आम्ही जिंकलो' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो; 'आपण जिंकलो' म्हटले की तो आत येतो. वर्गात हे समजावताना मी फळा पांढरा करतो. टपरीवर ते कुणाला समजवावे लागत नाही.

आणि कन्हानमध्ये हा प्रश्न नुसता व्याकरणाचा नाही. आमच्या भोवती कोळशाच्या खाणी. त्या खाणींनी छत्तीसगडची, तेलंगणाची, उत्तर प्रदेशची माणसे आणली आणि इथेच रुजवली. कधी निवडणूक आली, कधी नोकरभरती निघाली, की त्याच टपरीवर 'आम्ही इथले' आणि 'तुम्ही बाहेरचे' असा हिशेब सुरू होतो. चाळीस वर्षे खाणीत उतरलेल्या म्हाताऱ्याने तो निमूट ऐकलेला मी पाहिला आहे. पेला खाली ठेवून तो उठून गेला होता.

या सामन्याच्या गोष्टीत मात्र तोच म्हातारा पुढे सरकतो. कारण त्या संघात उमेश यादव होता. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या खाणवसाहतीत वाढलेला, उत्तर प्रदेशातून आलेल्या खाणकामगाराचा मुलगा. "आपल्या खदानीचा पोरगा हाय तो, सर," असे म्हातारा मला दर हिवाळ्यात सांगतो, आणि त्याच्या 'आपल्या'ला तिथे कुणीही हरकत घेत नाही. कशी घेणार? सतीश कर्नाटकाचा, वासिम जाफर आणि शिकवणारे चंद्रकांत पंडित मुंबईचे, कर्णधार फैज फजल नागपूरचा. बाहेरचे वजा करायला बसले तर त्या पाच धावा शिल्लक राहतात का?

पुढे इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाने करंडक पहिल्यांदा आणला. गुरबानीने अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिकही केली. २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये करंडक पुन्हा आला. पण ते विजय टपरीवर दोन वाक्यांत संपतात. सहज मिळालेल्या यशात 'हे लोक'पासून 'आपण'पर्यंतचा प्रवास नसतो. तिथे माणूस पहिल्यापासूनच 'आपण' असतो.

म्हणून कुणी ती गोष्ट पुन्हा सुरू केली, तर मी घड्याळ पाहत नाही. एरवी वर्षभर कुणाकुणाला बाहेर काढणारी आमची जीभ तेवढा वेळ सर्वांना आत घेते. फक्त ही गोष्ट निवडणुकीच्या दिवसांतही कुणीतरी काढावी, एवढीच माझी इच्छा आहे. यंदा वाटते, ते काम आपणच करावे.