मुक्या रोग्यांची साक्ष

माणसाच्या वैद्याला रोगी स्वतःच आपली कर्मकथा सांगतो. कित्येकदा गरजेपेक्षा अधिक सांगतो. पशुवैद्याचे भाग्य निराळे. त्याचा रोगी बोलत नाही, आणि जे बोलतात ते रोगी नसतात. त्यातही गाय-म्हैस दूध देईनाशी झाली की मालकाच्या तत्काळ लक्षात येते. कुत्रा मात्र आपले दुखणे शक्य तोवर लपवतो आणि शेपूट हलवता हलवताच आजारी पडतो.

आम्ही १९७८ साली महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलो आणि इंदूरात व्यवसायास बसलो. मल्हारी मार्तंडाला कुलदैवत मानणाऱ्या होळकरांची ही नगरी. खंडोबासंगे कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी तर चार आहेत. तरीही कुत्र्याला डॉक्टरकडे नेणे ही त्या काळी आमच्या समाजात थट्टेचीच बाब होती. लोक आमच्याकडे येत ते बहुधा घरचे सारे उपाय संपल्यावर, आणि येताना काहीसे ओशाळलेले असत. त्या चाळीसेक वर्षांत पाहिलेल्या रोग्यांपैकी काहींची हकीकत येथे देत आहोत. रोग विलक्षण होते हे एक कारण. दुसरे असे की, प्रत्येक ठिकाणी निदानाचा धागा आमच्या हाती दिला तो घरातल्या अशा माणसाने, ज्याला कोणी काही विचारलेलेच नव्हते.

१९८३ सालची गोष्ट. रामबागेतील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आपली आठ वर्षांची पांढरी कुत्री, चंपी, आमच्याकडे आणली. तक्रार एवढीच की, खाणे भरपूर असूनही ती वाळत चालली आहे. जंताचे औषध दोनदा देऊन झाले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा अंगणात धुणे धुणाऱ्या बाई आपल्याशीच पुटपुटत होत्या, "मेल्या मुंग्या कितीही धुवा, त्या मोरीपाशीच येतात." मुख्याध्यापकांनी त्यांना फिनेलवरून दोन शब्द सुनावले. आम्ही मात्र विचारले, "मोरीपाशी कोण बसते?" उत्तर आले, "चंपी." मुंग्या आणि मधुमेह यांचे नाते आपल्या जुन्या वैद्यांना चांगले ठाऊक होते. त्या संध्याकाळी चंपीचे मूत्र बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळले, आणि ते विटेसारखे लाल झाले.

कुत्र्याला मधुमेह होतो हे ऐकून मंडळी चकित झाली. "आम्ही जिलेबी देत होतो, त्याचे हे फळ का?" असे माईंनी डोळ्यांत पाणी आणून विचारले. जिलेबी कुत्र्याला देऊ नयेच. परंतु हा दोष जिलेबीचा नव्हता. मध्यम वयाच्या, गर्भाशय न काढलेल्या कुत्रीत माजानंतर शरीरात जे अंतःस्राव वाढतात, ते इन्सुलिनला विरोध करतात, आणि त्यातून हा रोग पुष्कळदा उद्भवतो. मधुमेहाचे ज्ञानही आपल्याला कुत्र्यामुळेच लाभले आहे. १८८९ मध्ये मेरिंग आणि मिन्कोव्स्की या दोन वैद्यांनी स्ट्रासबुर्ग येथे एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह जडला. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन हाती आणले. दुसरीही एक मौज आहे. डुकराचे आणि कुत्र्याचे इन्सुलिन रचनेने अगदी एकच असते. त्या वेळी औषधाच्या दुकानात मिळणारे डुकराचे इन्सुलिन चंपीला परके वाटण्याचे कारणच नव्हते.

ज्या माईंचा हात सुई पाहूनही थरथरे, त्यांनी रोज ठरल्या वेळी टोचण्याची विद्या आठ दिवसांत आत्मसात केली. पुढे शस्त्रक्रिया करून चंपीचे गर्भाशयही काढले. मधुमेही कुत्र्याला मोतीबिंदू फार लवकर येतो. चंपीलाही आला, आणि ती भिंतीच्या कडेकडेने घरभर वावरू लागली. ती आणखी तीन वर्षे जगली. त्या तीन वर्षांत ते दांपत्य एकत्र यात्रेला गेले नाही. एक जण निघाला की दुसरा सुईसाठी घरी थांबे.

दुसरा रोगी टायगर नावाचा एक धिप्पाड अल्सेशियन. १९९१ सालच्या नरक चतुर्दशीच्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. फराळाचे काही पोटात गेले असेल म्हणून घरच्यांनी एक दिवस लंघन घडविले. उलट्या थांबल्या नाहीत, आणि आमच्याकडे आणला तेव्हा तो उभा राहू शकत नव्हता. पोट चाचपताना बोटांना एक कठीण, लांबट वस्तू लागली. "काय गिळले असेल?" या प्रश्नाला चेंडूपासून बत्त्यापर्यंत सर्व उत्तरे मिळाली. मग सातवीतला नातू भीत भीत म्हणाला, "कोय असेल. अक्षयतृतीयेला याने कोय गिळली होती, मी पाहिली होती." सगळे हसले. आजी म्हणाल्या, "अरे, दिवाळीत आंबा कुठला?"

आम्ही हसलो नाही. जठरात पडलेली वस्तू कित्येकदा महिनोन् महिने तेथेच निवांत पडून राहते. कुत्रा जेवतो, खेळतो, आणि अधूनमधून एखादी उलटी झाली तर ती कोणाच्या लेखी नसते. एखाद्या दिवशी ती वस्तू पुढच्या अरुंद आतड्यात सरकते आणि वाट बंद करते. टायगरला त्याच रात्री महूला नेले. आतड्यातून निघाली ती काळवंडलेली, तंतू झिजून गुळगुळीत झालेली कोयच होती. वैशाखातली कोय कार्तिकाच्या उंबरठ्यावर बाहेर आली. आणखी एक दिवस गेला असता, तर आतडे सडले असते. कोकणातून पेटी आली की घरातली माणसे आमरसात दंग होतात, आणि कोयींची परात खाली उघडी राहते. दरवर्षी मे-जूनमध्ये असे दोन-तीन रोगी आमच्याकडे येतच. परात वर ठेवावी, एवढेच सांगणे.

तिसरी हकीकत एका बेवारस कुत्रीची. बेवारस म्हणजे साऱ्या गल्लीची. १९८८ मध्ये तिच्या मागील अंगातून रक्त ठिबकत असल्याचे दिसले आणि 'हिला हाकलून द्या' असा एक पक्ष तयार झाला. तपासल्यावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखी गाठ आढळली. या अर्बुदाची कथा अद्भुत आहे. कर्करोग संसर्गाने होत नाही हा सर्वसाधारण नियम. हा रोग त्याला अपवाद आहे. समागमाच्या वेळी एका कुत्र्याच्या अर्बुदातील जिवंत पेशीच दुसऱ्याच्या शरीरात रुजतात. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी निर्विवाद दाखवून दिले की, जगभरच्या कुत्र्यांतील या गाठी त्या त्या कुत्र्याच्या स्वतःच्या पेशींच्या नसून एकाच आदिम कुत्र्याच्या पेशींचे वंशज आहेत. २०१९ मधील संशोधनाप्रमाणे तो कुत्रा चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशिया खंडात होऊन गेला. त्याचा देह केव्हाच मातीला मिळाला, परंतु त्याचा रोग अजून गल्लोगल्ली जिवंत हिंडतो आहे.

आणि यावरचे औषध? व्हिन्क्रिस्टीन. ते निघते सदाफुलीपासून. १९६३ पासून मुलांच्या रक्तकर्करोगावरही ते वापरात आहे. आठवड्याला एक याप्रमाणे टोचणे भाग होते आणि खर्च त्या काळच्या मानाने थोडा नव्हता. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेले पैसे कोणत्या कामी लावावेत, यावर मंडळात बराच वाद झाला. हाकलून देण्याच्या पक्षातल्या एका वृद्ध काकूंनीच अखेर तो मिटवला. त्या म्हणाल्या, "रात्री गल्लीत परका शिरला तर ओरडायला हीच असते. तुमचे मंडळ झोपलेले असते." चार आठवड्यांत गाठ विरघळून गेली. औषधाचे मूळ समजल्यावर काकू आपल्या कुंडीकडे बघत राहिल्या. रोज तीच फुले त्या देवाला वाहत होत्या. येथे एक सूचना अवश्य देतो. सदाफुलीची पाने कुत्र्याला किंवा माणसाला घरच्या घरी देऊ नयेत. त्या पानांतील द्रव्ये विषारी आहेत. त्यांचे औषध होते ते शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिल्यावरच.

माळव्यातल्या उन्हाळ्यात कुत्र्याचा घोळणा फुटला की लोक 'ऊन बाधले' म्हणतात आणि लू लागू नये म्हणून माणसाप्रमाणेच त्याला कांद्याचा रस पाजतात. अशी कुत्री आम्ही डझनांनी पाहिली. त्यांतील बहुतेकांच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी लपलेल्या असत. गोचिडीतून रक्तात शिरणारे सूक्ष्म जंतू रक्त गोठविणाऱ्या कणिका घटवतात आणि मग नाकातून धार लागते. वेळीच आले तर सुमारे चार आठवड्यांच्या डॉक्सीसायक्लिनने ते बरे होतात. कांदा मात्र कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. म्हणजे आधीच रक्त गमावलेल्या जिवाचे उरलेलेही आपण मायेने हिरावून घेतो. मनुका, बेदाणे आणि द्राक्षे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, हे गेल्या काही दशकांत उघड झाले. २०२१ पासून त्याचा संशय टार्टारिक आम्लावर घेतला जातो. हे आम्ल आपल्या चिंचेतही विपुल असते. तेव्हा प्रसादाचा शिरा आणि चिंचेचे सार, दोन्ही त्याच्या वाटीत नकोत.

आता जी हकीकत सांगणार आहोत, ती लिहिताना आजही हात जड होतो. १९८६ च्या पावसाळ्यात देवासच्या वाटेवरील एका खेड्यातून निरोप आला की, वाड्यातल्या मोत्याच्या घशात हाड अडकले आहे. आम्ही पोचलो तेव्हा मोत्या ओसरीवर बसला होता. खालचा जबडा लोंबत होता आणि लाळेची तार जमिनीला टेकली होती. तो कोणावर धावून जात नव्हता, भुंकतही नव्हता. घरच्या नानांनी आणि दोघा मुलांनी हाड काढण्यासाठी आळीपाळीने त्याच्या तोंडात हात घातला होता. घसा मोकळा व्हावा म्हणून आजींनी स्वतःच्या बोटांनी तूप चाटवले होते.

आम्ही ओसरीची पायरी न चढता विचारले, "हाड खाताना कोणी पाहिले?" कोणीच पाहिले नव्हते. तेव्हा दाराआड उभी असलेली दहा-अकरा वर्षांची नात म्हणाली, "परवापासून त्याचा आवाज बदलला होता. घोगरा. आणि तो माजघरातल्या पलंगाखाली अंधारात जाऊन बसायचा. मी हाक मारली तरी यायचा नाही." महिन्यापूर्वी शेतात एका कोल्ह्याशी त्याची झटापट झाली होती, हेही तिनेच सांगितले. पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावून चावणारा, अशी आपली समजूत असते. अलर्क रोगाचे दुसरेही रूप आहे, मुके. त्यात जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही, आणि पाहणाऱ्याला हुबेहूब हाड अडकल्यासारखे वाटते. कुत्रा चावत नाही. घरचेच त्याच्या लाळेत हात घालतात.

मोत्याला खोलीत कोंडून घेतले. नाना ऐकेनात. "तो चावलाच नाही, मग सुया कशाला?" त्या काळी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस पोटात १४ दिवस टोचून घ्यावी लागे, आणि तिची धास्ती रोगाहून मोठी होती. आम्ही त्यांचा हात उजेडात धरला. नांगराच्या कामाने पडलेल्या चिरा बोटाबोटांवर होत्या. लाळेला तेवढी वाट पुरते. आणि एकदा लक्षणे दिसली की या रोगातून माणूस वाचत नाही, हे जितके स्पष्ट सांगता येईल तितके सांगितले. नाना बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी बैलगाडी जुंपायला सांगितली.

चौथ्या दिवशी मोत्या गेला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत निदानाची खात्री पटली. नाना, दोन्ही मुले, आजी आणि ती नात, अशा पाचही जणांनी १४ सुया पूर्ण केल्या, आणि पाचही जण सुखरूप राहिले. नातीने शेवटच्या सुईच्या दिवशी आम्हांला विचारले, "मोत्याला दुखत होते का?" आम्ही म्हणालो, "होय. आणि ते तू आम्हांला सांगितलेस."

ती जुनी लस आपल्या देशात २००४ अखेर बंद झाली. आता दंडात मोजक्याच सुया टोचतात आणि त्यांचे भय उरलेले नाही. तेव्हा कुत्रा चावला, ओरखडला किंवा जखमेवर त्याची लाळ लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, परंतु त्या दहा दिवसांची वाट पाहत सुई लांबवू नये. घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस द्यावी. गळ्यात काही अडकले आहे असे वाटले, तर उघडा हात त्याच्या तोंडात घालू नये.

आणि घरातला कुत्रा आजारी पडला की, कर्त्या पुरुषाने आपले मत सांगण्यापूर्वी एकदा घरातली लहान मुले आणि अंगणात काम करणाऱ्या बाई यांना विचारावे. पाणी किती पितो, कोठे बसतो, आवाज कसा आहे, कोणत्या हाकेला येत नाही, हे त्यांनाच ठाऊक असते. ते सारे एका कागदावर लिहून पशुवैद्याकडे न्यावे. आमच्या चाळीस वर्षांत त्या कागदाइतके उपयोगी उपकरण आमच्या पेटीत दुसरे नव्हते.