रौज्याची थंडी, अम्मीची चूल

खुलताबादला आमच्याकडची जुनी माणसे अजूनही ‘रौजा’च म्हणतात. माझे माहेर तिथले. गेली सोळा वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवते. नोकरी लागली तेव्हा वाटले होते, दोन-चार वर्षांत आंतरजिल्हा बदली होईल आणि आपण पुन्हा मराठवाड्यात येऊ. ती काही झाली नाही. कोकणाने मला सगळे दिले, फक्त थंडी दिली नाही. डिसेंबरातही आम्ही पंखा लावून झोपतो. म्हणून दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी चार किरकोळ रजा जोडून मी मुलीला घेऊन माहेरी जाते. लोक उन्हाळ्यात थंड हवेसाठी फिरतात, मी हिवाळ्यात थंडी खायला जाते!

चिपळूणहून रात्रीच्या एस.टी.ने निघायचे, पहाटे पुणे, मग औरंगाबाद. गाडीच्या पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर असते, तोंडात मात्र जुनेच नाव बसले आहे. तिथून पुढे दौलताबादपर्यंत सपाटी. किल्ला डाव्या हाताला दिसू लागला की मुलगी झोपेतून उठते. रस्ता जुन्या तटाच्या दरवाजातून जातो, एक मोठी गाडी जेमतेम मावते, त्यामुळे तिथे थांबावेच लागते. पेरूवाल्या बायका खिडकीशी येतात. मीठ-तिखट लावलेला एक पेरू घ्यायचा आणि घाट चढायचा. वर पोचलो की हवा बदलते. असरची वेळ असते, ऊन अजून असते, पण सावलीत पाय टाकला की अंगावर काटा येतो.

गाव छोटे आहे. दगडी तट, नगारखाना दरवाजा, पांगरा दरवाजा, आणि पावलापावलावर कबरी. हजरत निजामुद्दीन औलियांचे खलिफा हजरत बुर्हानुद्दीन गरीब दिल्लीहून इथे आले, त्यांचा इंतकाल १३३७ मधला. मलिक अंबरचा मकबराही इथेच. बाहेरून येणारे हे सगळे एका दुपारी पाहतात आणि वेरूळला निघून जातात. रात्र काढायला कोणी थांबत नाही. माझे म्हणणे असे की, रौजा रात्रीच कळतो. इशाची नमाज झाली की गल्ल्या रिकाम्या होतात, प्रत्येक घराच्या मागच्या अंगणातून धूर वर येतो आणि लाकडाच्या त्या वासावरून कोणाकडे काय शिजते आहे हे सांगता येते.

आमच्या घरात गॅस आहे, फ्रीज आहे, भाभीने मिक्सरही घेतला आहे. पण थंडीतले रात्रीचे जेवण अम्मी मागच्या अंगणातल्या चुलीवरच करते. तिचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. भाभी म्हणते, “अम्मी, गॅस पे जल्दी होता.” अम्मीचे उत्तर ठरलेले, “जल्दी किसको है?”

पहिल्या रात्री नान-खलिया असतो. हा पदार्थ औरंगाबाद भागाबाहेर फारसा कोणाला माहीत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगते. खलिया म्हणजे मटणाचा तिखट, पातळ रस्सा, वर लाल तर्री. अम्मी दुपारी जुहरनंतर सुरुवात करते. कांदा उभा चिरून तेलात बदामी होईपर्यंत तळायचा. सुके खोबरे, खसखस आणि तीळ वेगवेगळे भाजून कांद्याबरोबर वाटायचे. गोश्त हाडासकटच हवे, त्यात छातीचे आणि नळीचे तुकडे असावेत. आले-लसूण, हळद, लाल तिखट आणि दह्यात ते आधी चांगले परतायचे, पाणी सुटून पुन्हा आटले पाहिजे आणि तेल बाजूला झाले पाहिजे. मग वाटण, मग गरम पाणी. गार पाणी घातले तर तर्री वर येत नाही, असे अम्मी सांगते. शेवटी गरम मसाला, कोथिंबीर आणि जाळ काढून फक्त निखाऱ्यावर तासभर.

नान मात्र घरी होत नाही, तो भट्टीतून आणायचा. मैद्याचा, खमीर घातलेला, तंदूरच्या भिंतीला चिकटवून भाजलेला आणि वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेला. त्यामुळे तो पिवळा दिसतो आणि कडेला किंचित गोड लागतो. खलियाचा जाळ आणि नानचा हा गोडवा यांची जोडी ज्याने लावली त्याला दाद द्यावी. लोक सांगतात की, १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा लष्करासाठी हा पदार्थ सुरू झाला. शिक्षिका असल्यामुळे मला इथे एक शंका काढावीच लागते. लाल मिरची आपल्या देशात पोर्तुगिजांबरोबर आली, म्हणजे तुघलकानंतर दीड-दोनशे वर्षांनी. तेव्हा लष्कराने खाल्लाच असेल तर तो आजचा खलिया नव्हे. हे मी एकदा भाईजानला सांगितले, तर तो म्हणाला, “तू खा गे, तारीख नक्को सिखा.”

यंदा त्या रात्री आम्ही नऊ जण होतो. दिवाणखान्यात दस्तरखान पसरले, पडदे ओढले, मुले रजया अंगावर घेऊनच बसली. भाईजानने भट्टीतून आणलेले नान कापडात गुंडाळलेले होते, उघडताच वाफ आली. खलिया खाताना नाकातून पाणी येऊ लागले, मुलगी एका हाताने नाक पुसत होती आणि दुसऱ्या हाताने नान मोडत होती. दोन दिवसांचा प्रवास अंगातून निघून गेला.

पाणी संपले म्हणून मी तांब्या घेऊन मागे गेले. अम्मी चुलीपाशी पाटावर बसली होती. समोर देगची, तिच्या तळाशी राहिलेला रस्सा, आणि हातात एक नान. नान गार होऊन कडक झाला होता. ती तो तळाला पुसून पुसून खात होती.

मी विचारले, “अम्मी, आत का नाही आलीस?”

“तुम लोगां खाओ. मेरा हो रहा.”

यात नवे काहीच नव्हते. लहानपणापासून मी अम्मीला असेच पाहत आले आहे. ती शेवटी खाते, मागे खाते, गार खाते. भाकरीच्या दिवशी त्याला कारण तरी असते. तव्यावरची भाकरी गरम वाढायची तर तव्यापाशी कोणीतरी बसावेच लागते. पण त्या रात्री तवा नव्हताच. नान भट्टीतून आलेला, खलिया तासभर आधी तयार. तिला मागे बसायचे काहीही कारण नव्हते. मला हे आजपर्यंत दिसले कसे नाही, याचेच नवल वाटले. पाचवीच्या वर्गात मी ‘घरातील कामांची वाटणी’ शिकवते, फळ्यावर तक्ता काढते. त्या तक्त्यात ‘कोण गरम खाते आणि कोण गार’ असा रकाना मी कधी घातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाजरीची भाकरी, मेथी-गोश्त आणि नंतर मलिदा असा बेत होता. थंडीत मेथी कोवळी मिळते, ती चिरून मीठ लावून ठेवायची, पिळून कडू पाणी काढायचे आणि गोश्त शिजत आल्यावरच घालायची. एवढे पाळले की हा पदार्थ बिघडत नाही. भाकरीला मात्र हात लागतो. बाजरीचे पीठ ताजेच हवे. बाजरीत तेल असते, त्यामुळे दळून आठ-दहा दिवस झाले की पीठ कडवट होते आणि भाकरीला चिरा पडतात. कडकडीत पाण्यात मळायचे, एका भाकरीपुरतेच, तळहाताने रगडून रगडून. वर पांढरे तीळ दाबायचे.

मगरिबनंतर मी भाभीला म्हटले, “आज दस्तरखान मागे घालू. चुलीपाशी.”

भाभी हसली. भाईजानला पटले नाही. अंगणात गारठा, खाली फरशी, मुले आजारी पडतील. अम्मीला तर मुळीच पटले नाही. ती म्हणाली, “क्या तमाशा है ये? लोगां क्या बोलेंगे, मेहमान को चूल्हे के पास बिठाए?” मी म्हटले, मी मेहमान नाही. मुलांनी तोवर सतरंजी ओढत आणलीही होती. मुलांना असले काही हवेच असते.

मग नऊ जण चुलीभोवती दाटीवाटीने बसलो. पाठीला थंडी आणि तोंडाला धग. पहिली भाकरी फुगली तेव्हा मी ती उचलून अम्मीच्या ताटलीत टाकली आणि तिच्या हातातून परात काढून घेतली. आता भाकऱ्या मी करणार होते. कोकणात सोळा वर्षे तांदळाची भाकरी थापून माझा बाजरीचा हात गेला आहे, हे पहिल्याच भाकरीने सगळ्यांना दाखवून दिले. ती नकाशासारखी झाली आणि उलटताना मधोमध फाटली. भाच्याने ती “फुफी की रोटी” म्हणून वेगळी ठेवली. दुसरी भाभीने केली, तिसरी पुन्हा मी. चौथी माझ्या मुलीने थापून पाहिली, ती कुत्र्याला गेली.

अम्मी ताटली हातात घेऊन बसून होती. “खा ना,” मी म्हटले. तिने एक तुकडा मोडला, मेथीत बुडवला, तोंडात घातला आणि लगेच हात तोंडापुढे नेला.

“क्या हुआ अम्मी?”

“जीभ जल गई,” ती म्हणाली. मग थोडी हसून म्हणाली, “इत्ता गरम खाने की आदत नईं रही.”

मुले हसली. भाईजान हसला नाही. थोड्या वेळाने तो उठला, घरातून अम्मीची शाल घेऊन आला आणि तिच्या पाठीवर टाकून पुन्हा जागेवर बसला. बोलला काहीच नाही.

मलिदा करायचा तर शेवटच्या दोन भाकऱ्या तव्यावरून उतरताच कुस्कराव्या लागतात. गार झालेल्या भाकरीचा मलिदा कोरडा होतो, गूळ त्यात मुरत नाही. दोन मोठ्या भाकऱ्यांना वाटीभर चिरलेला गूळ, तीन-चार चमचे तूप, वेलची आणि किसलेले खोबरे. बोटे भाजतात, म्हणून भराभर करावे लागते. लहानपणी अम्मी हा मलिदा आम्हा भावंडांना द्यायची. त्या शेवटच्या दोन भाकऱ्या खरे तर तिच्या वाट्याच्या असायच्या, हे मी त्या रात्री प्रथमच हिशेब करून पाहिले. यंदा मलिदा तिनेच केला, कारण तेवढा गरम घास हातात धरण्याची ताकद आमच्यापैकी कोणातच नव्हती. जिभेला सोसत नाही, बोटांना मात्र सोसते. लाडू वळून तिने प्रत्येकाच्या हातावर ठेवले, नवव्याच्या वेळी मी तिचा हात धरला आणि तो लाडू तिच्याच तोंडात घातला.

तिसऱ्या रात्री पाये. त्याची तयारी आदल्या रात्रीपासून. खाटकाकडून भाजून आणलेले आठ पाये हळद-पीठ चोळून धुवायचे, एक उकळी देऊन ते पाणी टाकून द्यायचे. मग कांदा, लसूण, आणि मलमलच्या पोटलीत धणे, बडीशेप, दालचिनी, लवंग, मिरे, मसाला वेलची. देगची निखाऱ्यावर ठेवली की पहाटेपर्यंत तिच्याकडे पाहायचे नाही. कुकरमध्येही होतात, मी कोकणात तसेच करते, सव्वा तास लागतो. पण रात्रभर हळू शिजलेल्या पायांचा रस्सा ओठाला चिकटतो, तो कुकरचा चिकटत नाही. उरलेला रस्सा रौज्यात रात्रीतून आपोआप गोठतो, चमचा उभा राहतो. कोकणात त्यासाठी फ्रीज लागतो.

पाये शिजत असताना माझ्या लक्षात आले की आपल्या स्वयंपाकातले हे वेळखाऊ पदार्थ, पाये, खिचडा, खलिया, यांनाच आपण कष्टाचे समजतो. खरे तर तेच बाईला मोकळे सोडतात. ते आधीच शिजून तयार असतात, चांगले दोन तास गरम राहतात. अडकवते ती रोटी आणि भाकरी. ती एकेक करून, गरम गरम, दुसऱ्यांसाठी. ज्या भगिनींच्या घरी अम्मी किंवा सासूबाई शेवटी जेवतात त्यांनी थंडीत असे पदार्थ जरूर करावेत, सोबत भट्टीचा नान आणावा, आणि मग त्यांना हाताला धरून आणून बसवावे. नुसते बोलावून त्या येत नाहीत, हे मी पाहिले आहे.

परत निघताना पिशवीत डिंकाचे लाडू, अर्धा किलो तीळ आणि सहा नान होते. नान तीन-चार दिवस टिकतो, पाण्याचा हात लावून तव्यावर गरम केला की पुन्हा मऊ होतो. कोकणातल्या माझ्या शेजारणीला मी त्यातला एक दिला. ती म्हणाली, “हा पिवळा का?” मी सांगितले, हळद आणि गूळ. तिने चव घेतली आणि म्हणाली, “याच्याबरोबर कालवण पाहिजे.” मग तिच्याकडचे सुरमईचे कालवण आणि रौज्याचा नान आम्ही दोघींनी मिळून खाल्ला. बरा लागला. खलियाची सर नाही.

परवा भाभीचा फोन आला. थंडी वाढली आहे म्हणाली, काल पुन्हा पाये केले.

मी विचारले, “अम्मी बसली होती का सगळ्यांबरोबर?”

“बसल्या. पर ताट लेके दरवाजे के पास बैठे. बोले, चूल्हा दिखना मेरे कू.”