फडताळाला पाय फुटले

इंदापूरहून अकलूज, सांगोला करत मिरज गाठलं आणि तिथून रेल्वेनं गोवा. लोंढा स्टेशन मागे पडलं की उसाला सरावलेल्या डोळ्यांना नुसतं रानच रान दिसतं. बहुतेक जण मडगावला उतरून समुद्राकडे वळतात. मला सासष्टीतलं चांदर पाहायचं होतं. कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर ती हीच. आता मात्र लोक इथे येतात ते ब्रागांझांचं घर पाहायला.

घर एक, पण वाटे दोन. पश्चिमेकडे मेनेझिस ब्रागांझा, पूर्वेकडे परेरा ब्रागांझा. पोर्तुगीज सत्तेला लेखणीनं जाब विचारणारे पत्रकार लुईश द मेनेझिस ब्रागांझा (1878–1938) यांचा ग्रंथसंग्रह पश्चिमेला आहे. पूर्वेला नाचाचा दिवाणखाना आणि पोर्तुगालच्या राजानं, दों लुईशनं, दिलेल्या उंच पाठीच्या खुर्च्या. सगळे त्या खुर्च्यांपाशी थबकतात. माझी नजर खोल्याखोल्यांतल्या लाकडावरून हटेना.

आमच्याकडच्या वाड्यांत लाकडाला काय तोटा? पण ते सारं खांबांत, तुळयांत, दिंडीदरवाजात आणि देवघरात. पंगत जमिनीवर, भांडी भिंतीतल्या फडताळात. इथे फडताळ भिंतीतून बाहेर पडून स्वतःच्या पायांवर उभं राहिलंय!

त्यावरची नक्षी मात्र युरोपी वळणाची. 17व्या शतकात युरोपात बरोक शैलीचा जोर होता. मळसूत्री खांब, शिंपले, कुरळी पानं, कपाटाची फुगीर दर्शनी बाजू. अक्रोडाचं लाकूड बारीक पोताचं, कोरायला मायाळू. त्याच्यावर हे लाड शोभतात. गोव्यात अक्रोड कुठला? इथे सागवान आणि शिसव. शिसव जड आणि हट्टी, पटाशीला सारखी धार लावायला लावणारं. पण एकदा कोरलेली कड ते सहजी सोडत नाही. एका खुर्चीमागे वाकून पाहिलं. समोरून लोण्यासारखं मऊ दिसणारं पान, आणि पाठीमागे पटाशीचे फटकारे जसेच्या तसे. तिथे कोण बघतंय, असं म्हणून सुतारानं वेळ वाचवला असणार. मला तीच बाजू जास्त आवडली.

हे कोरीवकाम करणारे हात बरेचदा चारींचे, म्हणजे देवळांचे रथ आणि मखरं घडवणाऱ्यांचे. ख्रिस्ती पूजावस्तू हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत, असं गोव्यातल्या धर्मपरिषदेनं 1567 मध्ये फर्मावलं होतं. तरी काम त्यांच्याकडे जातच राहिलं; त्यांच्याइतका हात दुसऱ्या कुणाचा होता?

त्याचा पुरावा गोव्यात 17व्या शतकात घडलेल्या खणांच्या कपाटांत सापडतो. अशी कपाटं लंडन-लिस्बनच्या संग्रहालयांतही आहेत. सागवानावर आबनूस आणि हस्तिदंताचं जडावकाम, रचना अस्सल युरोपी. पण काहींचे पाय पाहावेत तर कमरेखाली शेपटीचे वेढे असलेल्या नागिणी. खणांत ठेवायचे दागिने आणि दस्तऐवज. धनावर नाग बसवायला चारींना कुणी सांगावं लागलं नसेल.