माझा 'ळ' चुकला!

मिनी प्रोजेक्टला विषय काय घ्यायचा यावर आमच्या ग्रुपची आठवडाभर खलबतं चालली होती. शेवटी मीच छाती पुढे काढून म्हटलं, "हॉस्टेलचा आउटपास कॉम्प्युटरवर आणू या!" ते जाडजूड रजिस्टर, दोरीला बांधलेलं पेन, जिन्यापर्यंत गेलेली रांग... किती दिवस चालायचं हे? सर म्हणाले, करा. झालं!

आम्ही जँगो घेतलं. वेब ॲप्लिकेशन बांधायची ही तयार चौकट २००५ साली सर्वांसाठी खुली झाली. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. लॉगिन, फॉर्म, ॲडमिनचं पान सगळं आयतं मिळतं, म्हणजे आमच्यासारख्या सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांची सोयच! ऑफिसातल्या मावशींना इंग्रजीपेक्षा मराठी बरं पडतं, म्हणून तालुक्यांची नावं मी मुद्दाम मराठीत भरली. साडेतीनशेवर नावं, सगळी एकाच ड्रॉपडाउनमध्ये. क्रम लावायचं काम डेटाबेसवर सोडलं. कॉन्व्हेंटची असून मराठी फॉर्म केला, म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

ट्रायलला मुहूर्त निवडला दिवाळीच्या सुट्टीआधीचा शुक्रवार! (अक्कल म्हणतात ती हीच.) संध्याकाळी सहाला सगळं खारघर स्टेशनकडे निघालेलं, आणि अर्धं हॉस्टेल ऑफिससमोर उभं. पहिल्या दहाजणी कशाबशा पार पडल्या. मग आली फर्स्ट इयरची एक मुलगी. वडील ॲडमिट होते, पनवेलहून सांगलीकडची गाडी गाठायची होती. तालुका कवठे महांकाळ.

मावशी माउसचं चाक फिरवत राहिल्या. "कर्जत... कल्याण... कळंब. अगं, यात कवठे नाहीच!" मी म्हटलं, "मावशी, आहे, नीट बघा ना." त्या पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. मुलीचे डोळे भरून आलेले. की-बोर्ड इंग्रजी, त्यामुळे 'के' दाबून उडी मारायचीही सोय नाही. मागून आवाज, "अगं, आटपा की!" शेवटी मावशींनी रजिस्टर ओढलं, चार ओळी लिहिल्या, सही घेतली. "पळ बाळा." अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

रांग संपल्यावर मी यादी उघडून बसले. कवठे महांकाळ होतं, पण कळंब, कळमनुरी, कळमेश्वर, कळवण यांच्या खाली! मी मावशींना विजयी मुद्रेने दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझा 'ळ' चुकलाय. 'ळ' 'ह'च्या नंतर येतो. 'व' त्याच्या आधी. मी कळंबच्या वरच शोधणार ना?"

खरं सांगते, मला हे माहीत नव्हतं. शाळेत मराठी होतं, पण मार्कांपुरतं. ए-बी-सी-डी झोपेतही म्हणेन. क-ख-ग-घ मात्र 'ट'च्या पुढे अडखळतं. डेटाबेसलाही माहीत नव्हतं. आमचा एसक्यूलाइट अक्षरांच्या युनिकोड क्रमांकाने रांग लावतो, आणि युनिकोडमध्ये 'ळ' बसलाय 'ल' आणि 'व'च्या मधे. मशीनचं ठीक आहे हो, माझं काय?

सुट्टीत घरी बसून दुरुस्ती केली. जँगोच्या २.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, ॲडमिनमध्ये ऑटोकम्प्लीटची सोय आहे. आत सिलेक्ट-टू नावाची लायब्ररी काम करते. साध्या ड्रॉपडाउनसारखी सगळी यादी पानात ओतत नाही; टाइप कराल तसं सर्व्हरला विचारून जुळणारी नावं थोडी थोडी आणते. मात्र कुठल्या रकान्यात शोधायचं ते आपण सांगावं लागतं. मी विसरले, तर सर्व्हर सुरूच होईना! मग तीन रकाने दिले: मराठी नाव, इंग्रजी स्पेलिंग आणि जिल्हा. नावांच्या क्रमासाठी वेगळा रकाना केला, आणि तो भरण्याआधी मावशींना फोन करून वर्णमाला लिहून घेतली. पहिल्यापासून. 'ज्ञ'पर्यंत.

कॉलेज उघडल्यावर परीक्षा मावशींनीच घेतली. एका बोटाने इंग्रजीत 'खेड' टाइप केलं. दोन ओळी आल्या: खेड, पुणे आणि खेड, रत्नागिरी. मग कळंब. तेही दोन, एक यवतमाळचं, एक धाराशिवचं. पहिल्या यादीत ही जोडनावं नुसतीच एकाखाली एक होती. कुठलं कोणाचं, देव जाणे. कोणाच्या लक्षात आलं नाही हे माझं नशीब.

ती फर्स्ट इयरची मुलगीही परत आली. गाडी मिळाली होती, वडील आता घरी आहेत. मी म्हटलं, "एकदा तुझा तालुका शोध ना." तिने दोन अक्षरं दाबली, नाव समोर आलं, ती हसली. व्हायवात मिळालेल्या मार्कांपेक्षा मला ते हसू जास्त वाटलं.

रजिस्टर अजून टेबलावरच आहे. मावशी म्हणतात, "असू दे गं, तुझा अजून कुठला अक्षर चुकला तर?"