पिकलेल्या फळाची वाट

विशाखापट्टणमहून किरंदूलकडे जाणारी पॅसेंजर सकाळी निघते आणि पूर्व घाटातील बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत माध्यान्हीपूर्वी अराकूला येते. सुमारे ९०० मीटर उंचीवरील हे खोरे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पाहावे. कॉफीची फळे तेव्हा पिकतात.

येथील मळा प्रथमदर्शनी जंगलच वाटतो. वर सिल्व्हर ओकची सावली, खोडांवर चढलेले मिरीचे वेल आणि खाली कॉफीची झुडपे. ज्या आदिवासी कुटुंबाकडे आम्ही गेलो, त्यांनी आमच्या हाती प्रथम नाचणीची अंबली दिली; आपल्या आंबिलीची ती सख्खी बहीणच!

मग घरच्या आजींनी तोडणी दाखविली. एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर आणि लाल फळे शेजारी शेजारी होती. आजी केवळ लाल फळ खुडीत होत्या. उरलेल्यांसाठी त्या पुन्हा येणार होत्या. पूर्वी असे थांबणे परवडत नसे, असे दुभाष्यामार्फत त्यांनी सांगितले. आठवडी बाजारातील व्यापाऱ्याची उचल डोक्यावर असे. त्यात घरी आजारपण आले, की कच्चीपक्की सारी फळे ओरबाडून मिळेल त्या भावाने द्यावी लागत.

नांदी फाउंडेशनच्या साहाय्याने येथील शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ‘अराकू’ या नावाने त्यांची कॉफी २०१७ मध्ये पॅरिसमधील स्वतंत्र दुकानात पोहोचली. २०१९ मध्ये येथील अरेबिकाला भौगोलिक मानांकन लाभले. न्याय्य व्यापाराचे, म्हणजेच ‘फेअर ट्रेड’चे, सूत्र साधे आहे : बाजार कोसळला तरी किमान भाव मिळावा आणि त्यावर काही अधिक रक्कम यावी, जिचा विनियोग शेतकऱ्यांनीच एकत्र बसून ठरवावा. अशा आधारामुळेच आजींना फळ पिकेपर्यंत धीर धरता येतो.

सुमारे ६ किलो फळांतून १ किलो कच्च्या बिया निघतात. त्यांत हिरवी फळे मिसळली की पेयाला तुरटपणा येतो आणि तो झाकण्यासाठी आपण साखर वाढवितो. पूर्ण पिकलेल्या फळांची कॉफी कमी साखरेतही रुचते. शेतकऱ्याच्या घरची स्वस्थता अशी थेट आपल्या पेल्यात उतरते.

यापुढे कॉफीचे पाकीट घेताना ती कोठे पिकली आणि पिकविणाऱ्याला काय मिळाले, एवढे अवश्य विचारावे. निघताना आजींनी एक लाल फळ माझ्या तळहातावर ठेवले. चोखून पाहिले, ते गोड होते.