वुडवर्ड मार्गावरील दोन मोटारी

ऑगस्टमधील तिसऱ्या शनिवारी आम्ही सौभाग्यवतींसह डेट्रॉइटच्या उत्तरेस, वुडवर्ड मार्गाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. डेट्रॉइट नदीपासून पाँटिअ‍ॅक गावापर्यंत सुमारे २७ मैल जाणारा हा रस्ता. १९०९ साली याच्याच एका मैलावर काँक्रीट घातले गेले. १९६० नंतर येथील तरुण रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लावीत. १९९५ साली सुरू झालेल्या मेळ्यात त्या काळच्या मोटारी येथे पुन्हा धावतात.

आमचा भाचा तेथेच नोकरीस आहे. अनेक वर्षांची शिल्लक खर्चून जुनी मोटार घ्यावी, हा त्याचा ध्यास. निवड दोहोंत अडली होती : १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो झेड-२८ आणि त्याच सालची फोर्ड मस्टँग बॉस ३०२. आमची हयात बडोद्यास मोटारदुरुस्तीत गेली, म्हणून तो म्हणाला, "मामा, तुम्ही पाहा आणि सांगा."

कागदावर तुलना करू गेलो, तर जुळ्या बहिणीच! दोन्हींना आठ सिलिंडरांचे ३०२ घनइंचांचे इंजिन, सिलिंडरचा व्यास ४ इंच, दट्ट्याची धाव ३ इंच. दोन्हींची जाहीर शक्ती ५८०० फेऱ्यांना २९० अश्वशक्ती. दोन्हींना हाताने बदलण्याचे चार गिअर. पाव मैल कापण्यास दोन्हींना सुमारे १५ सेकंद लागत. हे साम्य योगायोगाचे नव्हते. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत इंजिनाची मर्यादा पाच लिटर होती, आणि दोन्ही कंपन्यांनी तिच्या काठाशी नेऊन इंजिने बेतली. १९६८ व १९६९ चे विजेतेपद कॅमॅरोने मिळविले. १९७० चे मस्टँगने.

भेद आत होता. कॅमॅरोच्या इंजिनात झडपा सरळ ओळीत. मस्टँगच्या झडपा मोठ्या आणि तिरप्या बसविलेल्या, त्यामुळे वरच्या वेगात हवा मोकळी खेळते. भाच्यासह दोन्हींतून फेरी मारली. मंद गतीत दोन्ही कुरकुरत होत्या. फेऱ्या चार हजारांपुढे जाताच दोन्हींना कंठ फुटला. भाच्याचे मन मात्र कॅमॅरोवर जडले होते. तिच्या मालकाने किंमतही झेड-२८ चीच सांगितली होती.

आम्ही तिचे मूळ कागद मागितले. ते हरवल्याचे उत्तर मिळाले. येथेच खरी अडचण होती. मस्टँगच्या काचेखालील क्रमांकात पाचवे अक्षर 'जी' असले, की कारखान्यातून बॉस ३०२ चेच इंजिन बसवून आल्याची खूण पटते. १९६९ च्या कॅमॅरोच्या क्रमांकात मात्र झेड-२८ ची अशी खूणच नाही. साध्या कॅमॅरोवर पट्टे रंगवून, इंजिन बदलून तिला झेड-२८ म्हणून खपविणे त्यामुळे कठीण नाही. या मालकाने तसे केले, असे आम्ही म्हणत नाही. पण कागदावाचून खरे-खोटे ठरविणार कसे?

भाच्याचा चेहरा उतरला. सौभाग्यवतींनी फराळाचा डबा त्याच्यापुढे सरकविला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मामा, मस्टँगचा क्रमांक उद्या एकदा नीट पाहून घेऊ या."

कॅमॅरो तेवढ्यात समोरून गेली. तिघेही तिच्याकडे पाहत राहिलो. आवाज, खरेच, मोठा देखणा होता.