हौसेला मोल

हौसेला मोल नसतें, असें आपण सर्रास म्हणतों. लग्नांत ऐपतीबाहेर खर्च करणारा वधूपिता या म्हणीचा आधार घेतो, आणि कचेरींतून परतल्यावर तंबोरा जुळवीत बसणारा कारकूनहि घेतो. खेळांच्या बाबतींत मात्र इंग्रजांनीं तिला एक निराळेंच वळण दिलें. पैसे न घेतां खेळेल तो हौशी, म्हणून थोर. घेऊन खेळेल तो धंदेवाईक, म्हणून एक पायरी खालचा. पुढें आपणहि हे दोन शब्द त्याच तोलानें वापरूं लागलों. वस्तुतः आपल्या तालमींतल्या पैलवानाला असला संकोच कधींच नव्हता. कुस्ती मारली कीं तो फेटा बांधून घेई, इनाम घेई, संस्थानाकडून खुराक घेई. आणि त्याबद्दल त्याला कोणी कमी लेखीत नसे.

इंग्लंडांत १८०६ सालीं ‘जंटलमेन’ विरुद्ध ‘प्लेअर्स’ असा क्रिकेटचा सामना सुरू झाला. दोन्ही पक्ष एकाच खेळपट्टीवर खेळत. परंतु कपडे बदलण्याचीं दालनें वेगळीं, मैदानांत उतरण्याचे दरवाजे वेगळे. छापील पत्रिकेवर हौशी खेळाडूचीं आद्याक्षरें नांवाच्या आधीं येत, धंदेवाईकाचीं नांवाच्या मागून. आद्याक्षरांच्या जागेवरून माणसाची पायरी ओळखण्याची ही विद्या निदान आपल्याला तरी परकी वाटूं नये! डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस हे या हौशी मंडळींचे अग्रणी. मौज अशी कीं, खर्चाच्या नांवाखालीं या हौशी डॉक्टरांनीं केलेली कमाई भल्याभल्या धंदेवाईकांना स्वप्नांतहि मिळाली नसती. हा भेद अखेर १९६२ सालीं मोडीत निघाला.

तेंच सोंवळें त्याहून कितीतरी अधिक काळ टिकलें अमेरिकेच्या विद्यापीठांत. तेथील कॉलेजांमधली पहिली स्पर्धा म्हणजे हार्वर्ड व येल यांची १८५२ मधील नौकांची शर्यत. तिचा खर्च सोसला एका रेल्वे कंपनीनें, आपल्या मार्गावर उतारू वाढावेत म्हणून! म्हणजे सोंवळें नेसण्यापूर्वींच तें विटाळलें होतें. १९०६ मध्यें कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणारी एक संस्था निघाली. तिला आज एन. सी. ए. ए. म्हणतात. तिच्या नियमांत पुढें शिष्यवृत्तीला जागा मिळाली, पगाराला मिळाली नाहीं.

१९५० नंतरच्या दशकांत या संस्थेनें ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द रूढ केला. शब्द दिसावयास सोज्वळ, पण काम वकिलाचें. १९५५ मध्यें कोलोरॅडोंतील एका लहान कॉलेजाचा खेळाडू फुटबॉलच्या सामन्यांत डोक्याला मार लागून दगावला. त्याच्या विधवेनें कामगाराच्या वारसाला मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ मध्यें त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें ती नाकारली. कॉलेज कांहीं फुटबॉलचा धंदा करीत नाहीं, असें कारण देऊन. एन. सी. ए. ए. चे दीर्घकाळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनींच निवृत्तीनंतर, १९९५ सालच्या आपल्या पुस्तकांत, तो जोडशब्द कोणत्या भीतीपोटीं जन्मला हें सांगून टाकलें: खेळाडूंना कोणी नोकर ठरवूं नये, ही ती भीति.

धंदा नाहीं म्हणतात तो कसा असतो, हें मीं २०१२ सालीं एकदां पाहिलें. माझ्या भाच्यानें मला तेथल्या एका विद्यापीठाच्या सामन्याला नेलें होतें. (त्यांचा फुटबॉल पायांपेक्षां हातांनींच अधिक खेळतात, तें एक असो.) आमच्या एखाद्या तालुक्याचीं सारीं माणसें मावावींत एवढें तें क्रीडांगण. बाहेर दुकानांत खेळाडूंच्या क्रमांकाचे सदरे विकत होते. एका विशिष्ट क्रमांकाच्या सदऱ्यासाठीं पोरांची रांगच लागली होती. मीं भाच्याला विचारलें, “यांतलें त्या मुलाला काय मिळतें?” तो म्हणाला, “मामा, त्यानें एक पैसा घेतला तर त्याला खेळूं देणार नाहींत.” आणि त्याच मुलाला खेळ शिकविणाऱ्या गुरुजींचा पगार? अशा गुरुजींचा पगार अनेक राज्यांत खुद्द गव्हर्नरच्या पगाराच्या कैक पटींनीं मोठा असतो.

२१ जून २०२१ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें त्या संस्थेविरुद्ध निकाल दिला. शिक्षणाशीं निगडित लाभांवर तिनें घातलेली मर्यादा बेकायदा ठरली. लगोलग १ जुलैपासून आपल्या नांवावर व छबीवर कमाई करण्याची मुभा खेळाडूंना मिळाली. ६ जून २०२५ रोजीं एका तडजोडीस न्यायालयाची संमति मिळून कॉलेजांनींच खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. पहिल्या वर्षासाठीं प्रत्येक संस्थेला मर्यादा सुमारें २ कोटी ५ लाख डॉलरांची. शिवाय मागील खेळाडूंना सुमारें २८० कोटी डॉलर, दहा वर्षांत फेडावयाचे.

पवित्र असें कांहीं भंगलें म्हणून हळहळणाऱ्यांत मी नाहीं. हौसेलाहि मोल असतेंच. तें कोणाच्या खिशांतून जातें एवढाच प्रश्न. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजाचे खाशाबा जाधव १९५२ मध्यें हेलसिंकीला गेले तेव्हां प्रवासाला पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनीं ब्राँझ आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हौस शिष्याची, मोल गुरूचें. तेथल्या लक्षावधींच्या गर्दींत बसून मला या गहाणखताची आठवण झाली होती.

पण त्या तडजोडींतलें एक कलम मला टोंचत राहिलें आहे. शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरील जुनी मर्यादा काढून तिनें संघांतील माणसांच्या संख्येवर मर्यादा घातली. ती येणार असें दिसतांच अनेक कॉलेजांनीं संघांतून मुलें कमी केलीं. आणि कमी केलीं कोणतीं? तर पोहण्याच्या, धांवण्याच्या संघांत ज्यांना शिष्यवृत्तीहि नव्हती, जीं पहाटे उठून केवळ आवडीसाठीं सरावाला येत, तीं. शंभर नंबरी हौशी खेळाडू तेच! न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनीं एप्रिल २०२५ मध्यें याच मुद्द्यावर संमति अडवून धरली. तेव्हां त्या मुलांना मर्यादेबाहेर ठेवून परत घेण्याची सवलत कॉलेजांना मिळाली. सवलत; सक्ति नव्हे.